मरळ कुणी खाल्ली

निवृत्तीनंतर काय बदललं असं कुणी विचारलं, तर मी सांगते की मी आता घरात मिक्सर लावत नाही. चटणी खलबत्त्यात कुटते. नवऱ्याला हे फॅड वाटतं. पण तमिळ मुलखातल्या अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका तपासणी प्रयोगशाळेत माझं अख्खं आयुष्य मिक्सर फिरवण्यात गेलं, आणि त्या मिक्सरमध्ये खोबरं-लसूण नव्हतं, मासे होते.

काम समजून घ्यायला सोपं आहे. मासा आला की त्याचं वजन करायचं, लांबी मोजायची, काटा-कातडं काढून पाठीचं मांस घ्यायचं आणि त्याचा लगदा करायचा. तो चिमूटभर लगदा आम्लात घालून तापवायचा, इतका की माशाचं मासेपण संपून स्वच्छ पाणी उरतं. त्या पाण्यातला पारा वाफेच्या रूपात वर काढायचा आणि त्या वाफेतून प्रकाश सोडायचा. पारा जितका जास्त, तितका प्रकाश अडतो. पुढे यंत्र आकडा देतं. लोकांना वाटतं की आम्ही शास्त्रज्ञ म्हणजे आकड्यांचे धनी. कसले धनी! आम्ही आचारी. समोर जे आणून टाकतील ते शिजवायचं आणि ताट वाढून बाजूला व्हायचं. ताट कुणासमोर जातं ते विचारायचं नाही.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एका हॉटेलवाल्याला अहवाल फ्रेम करून गल्ल्यामागे लावायचा होता, म्हणून त्याने आधी विचारलं, कागद थोडा जाड मिळेल का. एक बाई स्वतःचे केस रुमालात बांधून आल्या. नवरा विष घालतो असा त्यांना संशय होता. केसांत काही निघालं नाही, तर त्या हिरमुसल्या. अशा गोष्टी सांगितल्या की लोक हसतात. मीही हसते. पण या अंकासाठी लिहायला बसले तेव्हा मनात एकच घर आलं, आणि ते काही हसण्याजोगं नाही.

त्याची सुरुवात मात्र हसण्यासारखीच झाली. सिरुसेरीला आयटीत काम करणारा सौरभ नावाचा नाशिकचा मुलगा एक दिवस प्रयोगशाळेत आला. दंड असे की शर्टाच्या बाह्यांची कीव यावी. मराठी बोलणारी बाई दिसली म्हणून त्याला हायसं वाटलं.

"मॅडम, बोटांना सारख्या मुंग्या येतात. डॉक्टर म्हणाले हेवी मेटल्स टेस्ट करून या. पण मी तर एकदम क्लीन खातो."

"म्हणजे काय खातोस?"

"फिश. रोज म्हणा ना. तळ्याकाठी एक माणूस जिवंत मरळ विकतो, इथे विराल म्हणतात. मोठी, ताजी. फॅट नाही, प्युअर प्रोटीन."

मी भंडाऱ्याची. तळ्यांच्या मुलखात वाढलेली. मरळ म्हणजे काय ते मला सांगावं लागत नाही. आमच्याकडेही तापातून उठलेल्याला, बाळंतिणीला, अंगात रक्त नसलेल्याला मरळीचा रस्साच देतात. गोड्या पाण्यातला सगळ्यात मानाचा मासा. पण मानाचा कशामुळे? तर तो शिकारी आहे. लहान मासे, बेडूक, जे सापडेल ते गिळतो. तळ्याच्या चिखलात पारा असेल तर तो आधी पाण्यातल्या किड्यांत जातो, मग लहान माशांत, आणि ते लहान मासे वर्षानुवर्षं गिळणाऱ्या मरळीत साठत राहतो. तिथून तो जात नाही. हळदीने जात नाही, चिंचेने जात नाही, उकळून जात नाही. मासा जेवढा मोठा आणि म्हातारा, तेवढा वाईट. म्हणजे ज्याच्यावर जास्त जीव, त्याच्या पानात जास्त पारा. हे मला तेव्हाही ठाऊक होतं, पण नुसतं पुस्तकात वाचल्यासारखं.

सौरभच्या केसांत पारा निघाला, आणि चांगलाच. केसांचं एक बरं असतं. रक्तात आज जे फिरतंय ते आज उगवणाऱ्या केसात अडकतं आणि केसाबरोबर वाढत जातं. महिन्याला साधारण सेंटिमीटरभर. मुळाशी धरून कापला की टोकाकडे जाताना मागचे महिने वाचता येतात. सौरभचे केस आखूड, त्यामुळे त्याचं थोडंच वाचता आलं, पण तेवढं पुरलं. डॉक्टरांनी मरळ बंद करायला सांगितलं, तो पनीरवर गेला आणि मुंग्या हळूहळू थांबल्या. त्याच्याजवळ डॉक्टर होता, प्रयोगशाळा होती, पनीर होतं.

पण पोरगा गप्प बसणाऱ्यातला नव्हता. तळ्याजवळच्या ज्या मोठ्या सोसायटीत तो राहायचा, तिथे त्याने आरडाओरडा केला. त्या तळ्याचं सुशोभीकरण चाललं होतं. फरसबंदी, बाकं, दिवे. तळ्याचं नाव मी लिहीत नाही, काम ज्यांच्याकडे होतं त्यांचंही नाही. काठावर पूर्वी एक शेड होती, तिथे जुन्या ट्यूबलाइट फोडून काच वेगळी करत. शेड गेली, ट्यूबमधला पारा चिखलात राहिला. बोभाटा नको म्हणून कामवाल्यांनीच तपासणी मागवली आणि ती आमच्याकडे आली. मला आनंद झाला होता, हे आज लिहायला लाज वाटते.

तपासणी कशी करायची ते त्यांनीच ठरवून पाठवलं होतं. मासे सगळे एकत्र करून एकच लगदा. चिलापी, जिला इथे जिलेबी म्हणतात, रोहू, बोटभर चिंगळ्या आणि मरळ, सगळं एका भांड्यात. आणि काठावरच्या वस्तीतल्या प्रत्येक घरातून एकाचे केस, शक्यतो कुटुंबप्रमुखाचे.

मी आमच्या प्रयोगशाळेच्या साहेबांना म्हटलं, "मरळ वेगळी करा. नाहीतर चिलापी तिला झाकून टाकेल."

साहेब म्हणाले, "लोक काय फक्त मरळ खातात का, मॅडम? सरासरीच खरी."

"सरासरी मासा कुणी खात नाही, साहेब. समोर येईल तो मासा खातात."

साहेब हसले. आमच्याकडे नमुने गोळा करणारे सुंदरराव तिथेच उभे होते. तंजावरकडचे मराठी, कित्येक पिढ्या इकडे, त्यांचं मराठी ऐकताना मला कीर्तन आणि तमिळ बातम्या एकदम लागल्यासारखं व्हायचं. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "बाई, कशाला तोंड दुखवताय? ते विचारट्ले तेवढंच आमी सांगायचं. सेरी?"

"सेरी," मी म्हटलं. म्हणजे बरं. तमिळमधला हा सगळ्यात सोयीचा शब्द आहे.

वस्तीत आम्ही दोघं गेलो. शेवटचं घर मुरुगनचं. सौरभला मरळ विकणारा तो हाच. गळ टाकून पहाटे मासे धरायचा आणि फाट्यावर बादलीत जिवंत ठेवून विकायचा. त्याची बायको सेल्वी सातव्या-आठव्या महिन्यात होती. हातात कोपरापर्यंत काचेच्या बांगड्या आणि कमरेखाली जाणारी वेणी. ती वेणी पाहिल्याबरोबर माझ्यातली आचारीण जागी झाली. एवढ्या लांब केसात अख्खं गर्भारपण लिहिलेलं असणार, पहिल्या दिवसापासून.

चुलीवर रस्सा होता. मी विचारलं, "काय केलंय आज?"

"विराल," मुरुगनची आई म्हणाली. "हिचं आधीचं एक पोटात टिकलं नाही. नर्सबाई म्हणाली रक्त कमी आहे, मासे खाऊ घाला. माझा मुलगा सगळ्यात मोठी मरळ विकत नाही, घरी आणतो. आहे का कुणाचा नवरा असा?"

नर्सबाईचं काही चुकलं नव्हतं. मासे खावेतच. मी जमेल तेवढ्या तमिळमध्ये समजावलं की लहान मासे द्या, मोठी मरळ आत्ता नको, तळ्यात काहीतरी आहे, तपासणी चालू आहे. म्हातारीने माझ्याकडे पाहिलं ते अजून आठवतं. परक्या जातीची, परक्या भाषेची बाई, सुनेच्या पानातला चांगला घास काढून घ्यायला आलेली.

"तपासून सांगा मग. सिद्ध झालं की बंद करू," ती म्हणाली. यात तिचं काय चुकलं?

मी सेल्वीचे केस मागितले. मानेवरची एक बारीक बट, दिसणारही नाही. तर म्हातारी मध्येच आली.

"पोटात मूल असताना कात्री लावायची नाही. तिलाही नाही आणि त्यालाही नाही. बघा, माझ्या मुलाने दाढीसुद्धा केलेली नाही."

खरंच, मुरुगनची दाढी छातीवर आली होती आणि केस मानेवर. बायको गरोदर असताना नवऱ्याने केस कापायचे नाहीत, ही तिकडची रीत. मी हट्ट केला नाही. एकदा मूल गमावलेल्या बाईच्या डोक्याशी मी कात्री घेऊन कशी जाणार? रक्त घेऊ का, असं मी ऑफिसात विचारून पाहिलं, तर ते ठरलेल्या कामात नव्हतं.

निघताना सुंदररावांनी त्यांना तमिळमध्ये सांगितलं, "बाळ झाल्यावर येतो. घरातल्या एकाचे केस ठेवा. एकाचे पुरेत." ते जे सांगत होते ते ठरल्याप्रमाणेच होतं. माझं लक्ष सेल्वीच्या वेणीकडे होतं. ते वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं, कारण मला वाटलं की 'एकाचे' म्हणजे तिचेच, हे कुणालाही कळेल.

मुलगा झाला. आम्ही पुन्हा गेलो, तर सेल्वी दारातच बाळाला घेऊन उभी होती आणि तिच्या डोक्यावर एक केस नव्हता. गोटा. चंदन लावलेला, उन्हात पिवळा दिसणारा. इथे त्याला मोट्टै म्हणतात. बाळ सुखरूप झालं तर केस देवाला वाहीन असा नवस तिने बोलला होता, आणि आदल्याच आठवड्यात तो फेडून आली होती. देवळाच्या न्हाव्याकडे एका दिवसात जेवढे केस पडतात, त्या ढिगात तिची वेणी गेली. ती फार प्रसन्न दिसत होती.

आणि मागून मुरुगन आला. तसाच जटाधारी. देवळात आईने त्यालाही बसवायचा प्रयत्न केला होता, तो बसला नव्हता.

"आई खूप ओरडली," तो म्हणाला. "मी म्हटलं, लॅब अम्माला शब्द दिलाय. घरातल्या एकाचे केस ठेवायचेत. मी माझे ठेवले."

तो ओसरीवर पाठ करून बसला आणि मान खाली घातली. मी मुळाशी धाग्याने बांधून बट कापली. सुंदरराव पाकिटावर खूण करत म्हणाले, "बघा, कुटुंबप्रमुखच मिळट्ला. त्येंना पाहिजे होता तसाच." पुढच्या क्षणी मुरुगन उठून सरळ न्हाव्याकडे पळाला.

मला तेव्हा वाटलं, ठीक आहे. एकाच चुलीचं अन्न, एकाच भांड्यातला रस्सा. तिचे गेले तर त्याचे बोलतील.

त्याचे केस बोलले आणि म्हणाले, काही नाही. मुळापासून टोकापर्यंत जवळजवळ स्वच्छ. मी यंत्र तपासलं. पुन्हा केलं. तळ्याकाठचा माणूस, मरळ विकणारा माणूस, आणि त्याच्या केसात माझ्यापेक्षा कमी पारा. बाकीच्या घरांतल्या कुटुंबप्रमुखांचेही असेच, थोडंफार इकडेतिकडे. माशांच्या लगद्याचा आकडा मर्यादेच्या आत आला, चिलापीने आपलं काम चोख केलं होतं. अहवालात मी खाली एक ओळ घातली, की मोठ्या मरळीची वेगळी आणि गर्भवतींची स्वतंत्र तपासणी व्हावी. अंतिम अहवालात ती ओळ नव्हती. साहेबांनी विचारलं, "आकड्यांत काही चूक आहे का, मॅडम?" आकड्यांत चूक नव्हती. सगळे आकडे खरे होते. इतका खरा आणि इतका निरुपयोगी अहवाल मी दुसरा पाहिलेला नाही.

तळ्याकाठी फलक लागला, तमिळ आणि इंग्रजीत, की इथले मासे तपासलेले आहेत आणि खाण्यास योग्य आहेत. सौरभचा आकडा त्यात धरला नव्हता, कारण तो खासगी गिऱ्हाईक. त्याने फ्लॅट विकला आणि पुण्याला गेला.

त्यानंतर काही दिवसांनी गेटवरून निरोप आला की तुम्हाला भेटायला कुणी आलंय. मुरुगन होता. गुळगुळीत दाढी, तेल लावलेले केस, हातात बादली. बादलीत हातभर लांबीची मरळ वळवळत होती.

"अम्मा, तुमच्यामुळे आमचं तळं पास झालं. आई म्हणाली, पहिला मोठा मासा लॅब अम्माला. दुसरा सेल्वीला. अंगावर पाजतेय ना ती."

मी विचारलं, "आणि तू? तू काय खातोस?"

तो लाजला. नवी नवरी लाजते तसा. "मी कशाला खातो अम्मा? मरळ नऊ महिने एकट्या तिचीच. मी आणि आई रसम-भात. कधी जिलेबी मासा. डोकंसुद्धा मी तिलाच देतो, बाळाला अक्कल येते म्हणतात."

बाकीच्या घरांतही असंच असणार, हे मला त्या क्षणी कळलं. चांगला घास गरोदर बाईला आणि केस कुटुंबप्रमुखाचे. आम्ही वस्तीभर फिरून ज्यांनी खाल्लं नाही अशांचीच डोकी निवडून आणली होती. ज्या घरात माया जास्त, त्या घरातले केस जास्त स्वच्छ.

मी त्याला तिथेच गेटवर सगळं सांगितलं. ओरडून सांगितलं असेन, कारण वॉचमन बाहेर आला. मुरुगन ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "तुम्हीच तर लिहिलंय की चांगलं आहे." मी म्हटलं, "मी तुझे केस तपासले. तिचे नाही." "माझे केस ठेवायलाच नको होते म्हणजे," तो म्हणाला. मी नको नको म्हणत होते, पण त्याला ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे. बादली तिथेच ठेवून तो निघून गेला.

ती मरळ मी कुणाचीही परवानगी न घेता एकटीच लगद्यात घातली. तिच्यात चिलापी मिसळली नाही. आकडा मर्यादेच्या कितीतरी वर गेला. साहेबांना दाखवला. ते म्हणाले, "हा नमुना कुणी मागवला होता?" कुणीच नव्हता मागवला, तो भेट आला होता. त्यामुळे तो आकडा कुठेच नाही, फक्त माझ्या डोक्यात आहे. ओळखीच्या एका बातमीदाराला सांगून पाहिलं. त्याने अहवाल मागितला. फलक तसाच आहे, आता त्याच्याभोवती फुलझाडंही लावली आहेत.

निवृत्त झाल्यावर मी एकदा वस्तीत गेले. सुंदरराव बरोबर आले, तेही निवृत्त झालेले. सेल्वीच्या घरात मरळ बंद झाली होती, मुरुगन मासे धरायचं सोडून एका कारखान्यात रात्रपाळीला जात होता. म्हातारी मला पाहून उठून मागच्या दारी गेली. मुलगा दोन वर्षांचा होऊन गेला होता. बसत होता, पण उभा राहत नव्हता, आणि हाक मारली तर आवाजाच्या दिशेने न बघता वर छताकडे बघायचा. तेव्हा तो हसायचा, फार गोड हसायचा.

"मोठ्या इस्पितळात नेलं," सेल्वी म्हणाली. "मी त्यांना माशाचं सांगितलं. डॉक्टरीणबाई चांगली होती, तिने ऐकून घेतलं. म्हणाली, असेलही, नसेलही. पोटात असतानाचं काही तपासलेलं आहे का? असेल तर आणा."

असेलही, नसेलही. डॉक्टरीणबाई खरंच बोलली. अशी मुलं दुसऱ्या शंभर कारणांनीही होतात, आणि हे कारण आहे की नाही ते सांगणारी एकच वस्तू या जगात होती. देवळात वाहिलेले केस लिलावात विकले जातात; ती वेणी एखाद्या परदेशी बाईच्या केसांच्या टोपात विणली गेली असेल. ती कुणाच्या डोक्यावर आहे ते देवालाच ठाऊक, आणि त्याने ती विकून टाकली.

सुंदरराव खाली मान घालून म्हणाले, "मी सांगिटलो होतो, एकाचे पुरेत म्हणून. माझ्या तोंडात किडे पडो."

सेल्वी आत गेली आणि कात्री घेऊन आली. माझ्याकडे पाठ करून खाली बसली. मुलाच्या जावळाच्या वेळी तिने पुन्हा एकदा मुंडण केलं होतं, तरी केस चांगले वाढले होते, खांद्यापर्यंत आले होते, दाट आणि काळेभोर. तिने ते दोन्ही हातांनी उचलून मान मोकळी केली.

"आता घ्या अम्मा. किती हवेत तेवढे घ्या. मुळापासून घ्या. आता कुणी अडवत नाही."

हे सगळे केस तिने मरळ सोडल्यानंतर बऱ्याच काळाने उगवलेले होते. ते केस मुळापासून टोकापर्यंत स्वच्छ येणार होते, मुरुगनच्या केसांसारखेच. मुलगा छताकडे बघून हसत होता. मी धागा काढला, बट बांधली आणि कापली.